पोटातली कुळं

मालवण तालुक्यातल्या कट्टा गावी माझी बदली झाली आणि खोली शोधत मी ज्या घरात शिरलो, त्या घरमालकांनी मला पहिला प्रश्न विचारला तो असा, "सकाळी पोट साफ होता?"

नाव, गाव, लग्न झालंय का, हे त्यांनी नंतर विचारलं. मी तलाठी. मला बघून लोकांना आपापल्या जमिनी आठवतात, बांध आठवतात, चुलतभाऊ आठवतात. मला बघून माझंच आतडं आठवणारा हा पहिला माणूस. मी खोटं बोललो. "होतं," म्हणालो. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि किल्ली दिली. खोटं त्यांना तिथल्या तिथे कळलं होतं आणि खोली मला त्यासाठीच मिळाली होती, हे मला पुढे समजलं.

मुंबईच्या एका इस्पितळाच्या लॅबमध्ये पंचवीस वर्षं काढून ते गावी परतले होते. घराच्या पडवीत त्यांनी लॅब थाटली होती. एक टेबल, एक जुना मायक्रोस्कोप, एक फ्रीज आणि भिंतीवर त्यांच्याच हातची पाटी: 'नमुना सकाळी सातच्या आत आणावा. डबी परत मिळणार नाही.' ही दुसरी ओळ लिहिण्यामागे अनुभव होता. लोक नमुना आणत तो चुन्याच्या डबीत, बामच्या बाटलीत, आणि डबी परत मागत. एका आजीने हिंगाची डबी आणली होती आणि ती धुऊन द्या म्हणून अर्धा तास बसून राहिली होती.

गावात सगळे त्यांना डॉक्टर म्हणत आणि ते चिडत. "मी डॉक्टर नाय. डॉक्टर सांगतत, मी बघतंय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी त्यांना काका म्हणायचो. बाजारात, एसटीच्या रांगेत, देवळाच्या पायरीवर, ओळखीचं माणूस दिसलं की ते त्याच्या पोटाची चौकशी करत, तीही खणखणीत आवाजात. मालवण गाडीची वाट बघणाऱ्या एका शिक्षिकेला त्यांनी चारचौघांत 'काल रंग कसो होतो' असं विचारलं, तेव्हा ती बाई पुढल्या गाडीने गेली. काकांना त्यात काही वावगं वाटलं नाही. लोक रक्तदाब चारचौघांत सांगतात, मग याने काय पाप केलंय, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्यांची एकच चैन होती. सकाळी पावणेसातला पाववाला सायकलवरून पों पों करत येई. मालवणच्या बेकरीतून पहाटे पाव आणून तो आसपासच्या वाड्यांवर विकायचा. काका पडवीच्या पायरीवर चहाचा कप घेऊन तयार असत. पाव हातात घेऊन ते आधी दाबून बघत, मग वास घेत, मग मधोमध मोडून चहात बुडवत. एरवी घाईने जेवणारा हा माणूस त्या एका पावाला वीस मिनिटं लावी. त्या वीस मिनिटांत त्यांना कोणी नमुना दाखवायला गेलं तर ओरडा खाई.

त्यांचा खरा विषय होता पोटातले जंतू. जंतू हा शब्द मात्र त्यांना आवडत नसे. ते त्यांना कुळं म्हणत. काकांच्या वडिलांची पुष्कळ जमीन कूळकायद्यात गेली होती. वडील आयुष्यभर कुळांशी कोर्टात भांडले आणि हरले. काका त्यातून एवढंच शिकले होते की, जमीन नावावर असणं वेगळं आणि कसणं वेगळं. मी तलाठी असल्यामुळे मला हे पटकन समजेल अशी त्यांची खात्री होती.

"पोट तुमच्या नावावर आसा, भाऊसाहेब," ते म्हणत, "पण कसतत ती कुळां. तुमी नुसते सातबाऱ्यावरचे मालक."

म्हणून कुळांना दुखवू नये, त्यांना पेज द्यावी, ताक द्यावं, आणि उठसूट जालीम औषधं घेऊन त्यांना बेदखल करू नये. हा सिद्धांत ते इतक्या तऱ्हांनी सांगत की दोन महिन्यांत मलाही पाठ झाला.

माझ्या पोटाचं सांगायचं तर ते वर्षानुवर्षं बिघडलेलं होतं. घाटावरून येताना मी ते बरोबर घेऊन आलो होतो. मालवणला तहसील कचेरीत मीटिंग असली की कट्ट्यापासून वाटेतल्या चौके गावापर्यंत मी देवाचं नाव घेत जायचो आणि चौक्याला उतरून पुढच्या गाडीची वाट बघायचो. तिथल्या एका हॉटेलवाल्याने माझ्यासाठी मागचं दार उघडं ठेवायला सुरुवात केली होती. माझी समजूत अशी की, हे चपातीमुळे होतं. काकांनी माझे नमुने पाहिले. काही सापडलं नाही. मग त्यांनी मला महिनाभर रोज काय खाल्लं आणि काय झालं ते लिहायला लावलं. महिन्याने वही वाचून ते म्हणाले, गव्हाने तुमचं काही वाकडं केलेलं नाही, तुमचं वैर तहसीलदारांशी आहे. खरंच, बिघडलेला प्रत्येक दिवस मीटिंगचा किंवा मीटिंगच्या आदल्या संध्याकाळचा होता. अशा पोटात दिसण्यासारखं काही नसतं, पण त्रास खोटा नसतो, मालक घाबरला की कुळं बावचळतात, असं त्यांनी समजावलं. मला हसू आलं, आणि बरंही वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला 'मनाचे खेळ आहेत' असं न म्हणता माझं ऐकून घेतलं होतं.

पाववाल्याची मुलगी दर्शना तेव्हा सात वर्षांची होती आणि पाच वर्षांची दिसत होती. हातपाय काड्या, पोट पुढे आलेलं, चेहरा पांढरा. दिवसातून पाच-सहा वेळा तिचं पोट जाई. जंताचं औषध झालं, लोहाचं टॉनिक झालं, जुलाब थांबवायच्या कडक गोळ्या झाल्या, दृष्ट काढून झाली, देवाला गाऱ्हाणं घालून झालं. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला जाताना कोणी रिकाम्या हाताने जात नाही. येणारा प्रत्येक जण बिस्किटाचा पुडा आणायचा. भात जड, पेज थंड, आणि बेकरीचं ते हलकं, ही सगळ्यांची पक्की समजूत. शिवाय घरात पाव तर रोजचाच. पोर जितकी खंगत गेली तितके पुडे वाढत गेले. फळीवर त्यांची चळत लागली होती.

तिची आई सर्जेकोटच्या मच्छीमार घरातली. ती एकदा काकांपाशी बोलता बोलता म्हणाली की, मे महिन्यात आजोळी भात-मासे खाऊन राहिली की पोर जरा सुधारते, खाऱ्या वाऱ्याने असेल. काकांनी मान हलवली. मीही तिथे होतो. मीही मान हलवली.

काकांनी तिचा नमुना घेतला. लाल रंग टाकून काचेवर पाहिलं आणि मलाही बोलावून दाखवलं. चरबीचे थेंबच थेंब होते. खाल्लेलं अंगी न लागता तसंच बाहेर पडत होतं. जंत नव्हता, दुसरं काही नव्हतं. काकांनी निदान केलं: गोळ्यांनी कुळं देशोधडीला लागली आहेत, ती परत वसवायला हवीत. डॉक्टर नसलेल्या माणसाने निदान करू नये, हे त्यांचंच तत्त्व. ते त्या दिवशी मोडलं. त्यांनी फर्मान काढलं की, दोन महिने सकाळ-संध्याकाळ उकड्या तांदळाची पेज, दुपारी भात आणि माशाची कढी, आणि तीन वेळा ताक. बाकी सगळं बंद, पुडे तर शेजाऱ्यांना वाटून टाका. ताकासाठी विरजण त्यांनी स्वतः दिलं. ते नमुन्यांच्या त्याच फ्रीजमध्ये असे, हे मी दर्शनाच्या आईला कधी सांगितलं नाही.

दोन महिन्यांत पोर बदलली. गाल आले, जुलाब थांबले, वजन वाढलं. ती रोज सकाळी बापाच्या सायकलवर पुढे बसून ताक प्यायला पडवीत येई, आणि काका समोर बसून शेवटचा घोट जाईपर्यंत बघत राहत. त्यांचं पाऊल जमिनीवर ठरत नव्हतं. विरजण मागायला लोक येऊ लागले. मुंबईच्या आपल्या जुन्या डॉक्टरसाहेबांना त्यांनी चार पानी पत्र लिहिलं. मला वाचून दाखवलं. पत्रात कुळांचा उल्लेख सतरा-अठरा वेळा तरी होता, पावाचा एकदाही नव्हता.

ते माझ्या लक्षात आलं. हे सांगताना मला आजही लाज वाटते. जमिनीचे फेरफार लिहिणाऱ्या माणसाला एक सवय असते. एकाच दिवशी दोन नोंदी झाल्या की कशामुळे काय बदललं ते नीट बघायचं. ताक सुरू झालं आणि पाव बंद झाला, दोन्ही एकाच दिवशी. मग बरं कशाने वाटलं? हा प्रश्न मला पडला आणि मी तो गिळला. घरमालक खुशीत होते. मला कोणी विचारलं नव्हतं. न विचारलेलं बोलायचं नाही, हे मी नोकरीत शिकलो होतो.

एका सकाळी काकांनी आपला पाव मोडला आणि अर्धा दर्शनापुढे धरला. "आता कुळां बसली," ते म्हणाले. "आता कायव खा." पोरीने तो दोन्ही हातांनी घेतला. दोन महिने बापाच्या टोपलीतल्या पावांचा नुसता वास घेत ती सायकलवर बसून येत होती. त्या दिवसापासून ताकाबरोबर अर्धा पाव हा रोजचा शिरस्ता झाला. काका मोडत, हात पुढे करत, ती घेत असे. पहिले काही दिवस काहीच झालं नाही, म्हणून घरीही पाव सुरू झाला.

मग पोट पुन्हा बिघडलं. काका म्हणाले, ताक वाढवा. आणखी बिघडलं. विरजण बदललं. महिनाभरात ती होती त्याहून वाईट झाली, पायावर सूज आली, आणि एक दिवस ती सायकलवर बसून आली ती बापाने उचलून आत आणली. काकांनी पाव मोडला नव्हता, पण चहाबरोबर तो बशीत होता. ती भिंतीला टेकून बसली आणि तिने सवयीने हात पुढे केला.

तेव्हा मी बोललो. "काका, पेज सुरू केलीत त्याच दिवशी पाव बंद केला होतात ना? एकाच फेरफारात दोन नोंदी आहेत."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग बशीकडे बघितलं. मग पोरीच्या हाताकडे. शेवटी ते उठले, बशी आत नेऊन ठेवली, शर्ट चढवला आणि पाववाल्याला म्हणाले, गाडी ठरव, गोव्याला जायचं आहे. मला वाटलं होतं, ते मला विचारतील, हे तुमच्या कधी लक्षात आलं. त्यांनी ते त्या दिवशी विचारलं नाही आणि पुढेही कधी नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

गोव्याच्या मोठ्या हॉस्पिटलात रक्त तपासलं, दुर्बीण घालून आतड्याचा बारीक तुकडा काढला. आतड्याला आतून मखमलीसारखी लव असते, ती हिची झडून सपाट झाली होती. गव्हातल्या चिकाने. औषध काही नाही, गहू आयुष्यभर बंद. डॉक्टरांनी काकांना सांगितलं की, अजून दोन-तीन महिने असंच चाललं असतं तर पोर हाताला लागली नसती.

परत आल्यावर काका पाववाल्याच्या घरी गेले. मी बरोबर होतो. तिथे त्यांनी आडवळण घेतलं नाही. "चूक माझी," ते म्हणाले. "घरात तुमी अजाणतेपणी दिलास. मी शाणो म्हणवणारो, माझ्या हातान दिलंय." पाववाला बिचारा चार वेळा 'जावंदे काका' म्हणाला. त्याची बायको चुलीवरची पेज ढवळत राहिली. दर्शना खाटेवरून ऐकत होती. तिला एवढंच कळलं होतं की पाव बंद.

"कधीच नाय?" तिने विचारलं.

"कधीच नाय."

"आणि तुमी खातलास?"

मला वाटतं, दुसऱ्या कोणी मोठ्या माणसाने यावर काहीतरी समजूत काढली असती. काकांनी ती काढली नाही. "तू खावचंस नाय, तर मीव खावचंय नाय," म्हणाले.

मुलांना दिलेली अशी वचनं मोठी माणसं किती दिवस पाळतात ते आपल्याला ठाऊक आहे. मी आठ दिवस धरले होते. काकांनी पाव सोडला, बिस्किट सोडलं, लाडू-करंजी सोडली, चपाती तर सोडलीच. सकाळी पावणेसातला सायकल आली की मात्र ते कप घेऊन पायरीवर येत, टोपलीतला एक पाव उचलत, दाबून बघत, वास घेत आणि परत ठेवत. पाववाला त्यांच्यासाठी एक पाव वेगळ्या फडक्यात आणायचा आणि नंतर तो आपल्या म्हशीला घालायचा. नवीन माणसाला वाटे, म्हाताऱ्याला वेड लागलंय. मी चार वर्षं हे रोज बघितलं. आपल्याच्याने एक दिवसही झालं नसतं, असं रोज वाटायचं.

पाववाल्याने धंदा सोडला नाही, सोडून करणार काय? टोपली मात्र तो अंगणाच्या बाहेर ठेवू लागला आणि आंघोळ करून घरात शिरू लागला. घरात घावणे, आंबोळी, तांदळाची भाकरी, म्हणजे त्या भागात पिढ्यान्‌पिढ्या जे खाल्लं जायचं तेच परत आलं. काका आता लग्नघरी स्वयंपाक्यांच्या मागे लागत, वड्यांच्या पिठात काय काय आहे म्हणून. बाजारच्या हिंगात मैदा असतो हे त्यांना कुठूनसं कळलं, तेव्हा त्यांनी कट्ट्याच्या बाजारातल्या प्रत्येक दुकानात जाऊन डब्यांवरचं बारीक अक्षर भिंगाने वाचलं. दर्शना कोणाच्या लग्नाला जाणार असली की काका आदल्या दिवशी त्या घरी जाऊन आचाऱ्याचा हिंग हुंगून येत. आचारी त्यांना हात जोडत.

कुळांवरची त्यांची भक्ती गेली नाही, पण आवाज खाली आला. पुढे मुंबईच्या डॉक्टरसाहेबांचं पत्र आलं. त्यांनी लिहिलं होतं की, गव्हाचा त्रास असलेल्यांच्या आणि नुसत्या बिघडलेल्या पोटाच्या लोकांच्या आतड्यातले जंतू इतरांपेक्षा वेगळे असतात का, यावर आता परदेशात शोध चाललाय, तुमचं अगदीच चुकीचं नव्हतं. मला वाटलं, म्हातारा उडी मारेल. त्यांनी पत्र घडी करून टेबलाच्या खणात ठेवलं.

"अर्धा खरा होता, म्हणान तर फसलंय," ते म्हणाले. "सगळा खोटा असता तर कित्याक फसतंय?"

नंतर माझी बदली वैभववाडीला झाली. तिथे तहसीलदार चांगले होते, पोट सुधारलं. दोन हजार दहा साली कळलं की काकांना अर्धांगाचा झटका आलाय. एक रविवार धरून, तळेऱ्याला गाडी बदलून मी कट्ट्याला गेलो. पडवीतला मायक्रोस्कोप झाकून ठेवला होता. पाटीवर नमुन्याच्या ओळीखाली दुसऱ्या कोणाच्या तरी अक्षरात एक ओळ वाढली होती: 'भेटायला येणाऱ्यांनी बिस्किटे आणू नयेत.' ती त्यांनीच सांगून लिहवून घेतली असणार. आत फळीवर तरीही तीन-चार पुडे होतेच.

काका पलंगावर उशीला टेकून बसले होते. डावा हात मांडीवर निपचित पडलेला, बोलणं जड, डोळे तेच. त्यांनी मला विचारलं, चौक्याचं मागचं दार अजून लागतं का. मी नाही म्हणालो. या वेळी ते खरं होतं.

पावणेसात कधीच वाजून गेले होते तरी पाववाला आला, आणि त्याच्यामागून दर्शना. मी तिला ओळखलंच नाही. उंच, सावळी, अंगाने भरलेली. मालवणला कॉलेजात जात होती. तिने कागदात गुंडाळलेलं काहीतरी चिमटीत धरून आणलं होतं, आपल्या बोटांना लागू नये अशा बेताने. ते तिने काकांच्या पुढ्यातल्या बशीत ठेवलं आणि कागद बाजूला केला. ताजा पाव होता. शेजारी तिने चहाचा कप ठेवला.

"खावा, काका."

काकांनी मान हलवली. "शब्द दिलंय तुका," ते कसंबसं म्हणाले.

"तेवा मी ल्हान होतंय. माका काय कळत होता?" ती म्हणाली. "आता मीच सोडतंय तुमका. खावा. सगळो खावा, मी बघतंय."

हे म्हणून ती खरंच समोरच्या खुर्चीवर बसली, ते पूर्वी तिच्या ताकापुढे बसत तशी. पाववाला दाराच्या चौकटीला टेकून खाली बघत होता. काकांनी चांगला हात पुढे केला, पाव दाबला, नाकाशी नेला. मग बशीच्या कडेला धरून मोठ्या कष्टाने त्यांनी तो मधोमध मोडला. आणि इतक्या वर्षांनी, नकळत, त्यातला अर्धा उचलून त्यांचा हात समोर दर्शनाकडे गेला.

हात वाटेतच थांबला. त्यांचा चेहरा मला बघवेना. पाव त्यांच्या बोटांत तसाच होता आणि तो खाली ठेवावा हेही त्यांना सुचत नव्हतं.

मी पुढे झालो, तो अर्धा पाव त्यांच्या हातातून घेतला आणि तिथेच उभा राहून कोरडाच खाऊन टाकला. दर्शनाने बशीतला दुसरा अर्धा कागदाने उचलून चहात बुडवला आणि त्यांच्या तोंडाशी धरला. ते सावकाश चावत राहिले. वीस मिनिटं लागली असतील. नंतर ती हात धुवायला मागच्या दारी गेली.

"पावात मीठ पयल्यापेक्षा कमी झाला मां?" त्यांनी मला विचारलं.

"झालंय," मी म्हणालो.